गुरप्पा दातांनी ऐकतो

गुरप्पाचे कान गेले ते खाणीतल्या सुरुंगांनी. चाळीस वर्षं सोलापूरबाहेरच्या खाणीत दगड फोडून माणसाला दुसरं काय मिळणार म्हणा! पण गडी हट्टी. कान गेले तर दातांनी ऐकायला लागला. पहारेचं एक टोक दगडाला लावायचं, दुसरं दातात धरायचं आणि शेजाऱ्याला हातोडा मारायला सांगायचं. दगड अखंड असला की दणका एकदाच येतो. आत चीर असली की दोनदा येतो, दुसरा जरा मागून, लंगडत आल्यासारखा. मग गुरप्पा म्हणायचा, "ह्याच्याखाली कुनी बसू नगा." आणि कुणी बसत नसे.

कारण धोंडीरामचं सगळ्यांना ठाऊक होतं. धोंडीराम म्हणजे गुरप्पाचा थोरला भाऊ. एका दुपारी गुरप्पाला दोनदा आलं, पण मुकादमाला गाडी भरायची घाई होती, आणि लोक येडं म्हणतील म्हणून हा गप्प बसला. अर्ध्या तासात कडा खाली आला. धोंडीराम त्याच्याखाली होता. ही गोष्ट गुरप्पानं स्वतःच्या पोरीपासूनही लपवली नाही.

ती पोरगी सिद्धेश्वरी, आईविना वाढलेली. तिचं लग्न ठरलं चिंचोळी एमआयडीसीत सुपरवायझर असलेल्या शिवकुमारशी. स्थळ चांगलं, बापाचा जीव भांड्यात पडला. पण हल्लीचं खूळ बघा, लग्नाआधी फोटो काढायचे, तेही थेट कोकणात, समुद्रावर! दोघांना एकटं पाठवावं तर लोक तोंडात शेण घालतील, म्हणून गुरप्पा काठी घेऊन मागच्या सीटवर बसला. गाडी फोटोवाला हमजाच चालवत होता.

साठी उलटलेला गुरप्पा जन्मात पहिल्यांदा समुद्रावर आला, आणि बघत बसला दगड. काळ्या कड्यातून एक कमान आपसूक वाळूवर उतरली होती, खालून ट्रॅक्टर जाईल एवढी. ओहोटी होती, माणसं कमानीखाली गर्दी करून फोटो काढत होती. "कुनी घडिवलं रं हे!" म्हणत त्यानं दगडावरून हात फिरवला, आणि हात तिथंच थांबला. कमानीचं पलीकडचं बूड पाण्यात होतं. त्यावर लाट आदळली की दगड थरथरत होता. इथं हातोडा मारायला माणूस लागणारच नव्हता.

त्यानं काठी दगडाला टेकवली आणि दुसरं टोक दातात धरलं. लोक फिदीफिदी हसले, एकानं तर मोबाइल काढला. लाट आली. दणका आला. आणि मागून, लंगडत, दुसरा आला.

गुरप्पानं काठी दातात आणखी घट्ट धरली. त्यानं पुन्हा ऐकलं. पुन्हा दोनदाच. कमानीखाली सिद्धेश्वरी मोरपंखी साडी नेसून शिवकुमारच्या खांद्यावर डोकं टेकून उभी होती.

"सिद्धे! बा! बा इकडं!" भीतीनं त्याच्या तोंडी 'ये'ऐवजी घरची कानडीच आली.

"काय झालं मामा?" शिवकुमारनं त्याला ऐकू जाईल असं ओरडून विचारलं.

"आतनं फुटलाय दगड. निघा हितनं!"

"अवो मामा, हजार वर्सं उभा हाय म्हणत्यात. आपण आलो म्हणून आजच पडंल व्हय?"

सिद्धेश्वरीनं बापाचं तोंड पाहिलं आणि ती निमूट बाहेर आली. शिवकुमार मात्र हलेना. "हमजा, माझे एकट्याचे काढ," म्हणाला.

पोरगी सुटली होती. गुरप्पा आता गप्प बसता तर सोयरीकही टिकली असती. तो बसला नाही. आत शिरला, होणाऱ्या जावयाची गचांडी धरली आणि शंभर माणसांदेखत त्याला वाळूवर फरफटत आणलं. नवाकोरा कोट बाहीत उसवला.

कमान पडली नाही. तासभर सगळे बघत राहिले, एक खडा निसटेल तर शपथ! परतीला मंगळवेढ्यात चहाला थांबले तेव्हा शिवकुमार गाडीतून उतरलासुद्धा नाही. आठव्या दिवशी निरोप आला, येड्याच्या घरची पोरगी नको.

सिद्धेश्वरीनं बापाशी बोलणं सोडलं. ताट वाढायची आणि शेजारी मोबाइल ठेवायची, त्यावर कुणीतरी त्याच कमानीखाली काढलेला ताजा फोटो. रोज नवा. गुरप्पाला घास गिळवत नसे. एकदा मनात आलंच त्याच्या, "पड की गं एकदाची!" मग फोटोत कमानीखाली कडेवर लेकरू घेतलेली बाई दिसली, आणि त्यानं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

दोन महिन्यांनी, रविवारी सकाळी, हमजाचा फोन आला. फोनवर गुरप्पाला काही ऐकू येत नसे. त्यानं तो पोरीपुढं धरला. तिनं कानाला लावला, आणि ऐकता ऐकता ती बापाकडं वळली.

"अप्पा," दोन महिन्यांत पहिल्यांदा ती बोलली, त्याला कळावं म्हणून मोठ्यानं. "हमजाभाई दुसरं जोडपं घेऊन तितंच गेलाय. गंमत म्हणून कॅमेऱ्याच्या स्टँडचा पाय दातात धरला म्हणतोय."

"मग?"

"दोनदा आलं म्हणतोय. आनि दुसरा लई मागनं येतोय."

"म्हंजी चीर वाढलीया. जोडप्याला बाहेर काढ म्हणावं!"

"काढलंय. पर खाली अजून लई माणसं हायत, सुट्टी हाय की आज. कुनी ऐकंना. काय करू म्हणतोय."

गुरप्पाला धोंडीराम दिसला, त्या दुपारचा. "वरड म्हणावं. शिव्या दे, वाळू फेक, येडा म्हनू देत. पर गप बसू नको म्हणावं!"

तिनं ते जसंच्या तसं फोनमध्ये ओरडून सांगितलं.

"वरडतोय का?" गुरप्पानं विचारलं.

"व्हय, वरडतोय."

"आनि माणसं?"

"हसत्यात," सिद्धेश्वरी म्हणाली, आणि फोन तसाच कानाला धरून तिनं बापाचा हात घट्ट धरला.