वरच्या मजल्याचा वापर

नोटीस कन्नडमध्ये होती. वडील जन्मभर कन्नड बोलत आले, पण वाचायला त्यांना जड जायचं. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "जयनगरचे भाव वाढलेत ना, घराची किंमत वाढवली असणार. बघ."

किंमत वाढवलेली नव्हती. बंगळूरमध्ये घराच्या कराचं विवरण मालक स्वतः भरतो: क्षेत्रफळ, परिसराचा दर, वापर. आमचं क्षेत्रफळ बरोबर होतं, दरही. फरक वापरात होता. दोन्ही मजले 'स्वतःच्या राहण्यासाठी' असं आम्ही दरवर्षी भरत होतो. पालिकेने वरचा मजला 'भाड्याने दिलेला' धरला होता. भाड्याच्या जागेचा दर जवळपास दुप्पट. शिवाय मागच्या वर्षांचा फरक, त्यावर दंड, त्यावर व्याज. हरकत असेल तर मुदतीत कळवा, नाहीतर नोंद कायम.

वरच्या मजल्यावर आत्या राहायची. वडिलांची थोरली बहीण, निपाणीकडच्या शाळेत शिक्षिका होती. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर तिच्या फंडातून तो मजला चढला आणि ती त्यात राहायला आली. जमीन वडिलांच्या नावावर होती. भावाबहिणीत कागद कशाला, असं तेव्हा दोघंही म्हणाले.

भाड्याची गोष्ट आली कुठून, ते तिनेच सांगितलं. पालिकेचा माणूस पाहणीला आला होता. वेगळं वीजमीटर, वेगळी चूल, वेगळी बेल. आपल्या चहाचंही बिल वहिनीच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून आत्याने येताक्षणीच हे सगळं वेगळं करून घेतलं होतं. भावाच्या घरी राहायला आलेली बहीण तसंच करते. त्या माणसाने विचारलं, इथे कशा राहता? तिने ताठ मानेनं सांगितलं, "नानेनु पुक्कटे इल्ला." मी काही फुकट राहत नाही.

"घ्या!" आई म्हणाली. "फुकट नाही म्हणे. आता भरा त्याचे पैसे."

"स्वल्प चुकलंच माझं," आत्या म्हणाली. "पण त्यात काय एवढं? मी येते ना ऑफिसात. सांगते त्यांना, सख्खी बहीण आहे म्हणून. नाक बघितलं तरी कळेल."

नाक खरंच सारखं होतं. ती त्या दिवशीपासून तयारीला लागली. शाळेच्या दाखल्यांची फाइल काढली, तिच्या आणि वडिलांच्या दाखल्यांवर आजोबांचं नाव एकच आहे ते मला दाखवलं. चिकपेटहून आणलेली नवी साडी सुनावणीसाठी बाजूला ठेवली.

पालिकेच्या ऑफिसातल्या कारकुनाने मला काय लागेल ते सांगितलं. मालकाचं प्रतिज्ञापत्र: वरच्या मजल्यावर माझी बहीण कुटुंबातली म्हणून राहते, भाडं देत नाही, मजला बांधताना तिचे पैसे लागले असल्यास तसा उल्लेख. एवढं दिलं तर हरकत टिकेल, असं त्याचं मत होतं. मी ते घरी जसंच्या तसं सांगितलं.

वडिलांनी वकिलाला विचारलं. तेव्हा घर पाडून मजले चढवण्याची बोलणी एका बिल्डरशी चालू होती, आणि आत्या घर सोडायला तयार नव्हती. वकिलाने प्रतिज्ञापत्राचा मसुदा वाचला आणि टेबलावर उलटा ठेवला.

"हे तुम्ही पालिकेला देणार, आणि उद्या अक्का हेच कोर्टात तुमच्यासमोर ठेवणार. भाडेकरूला उठवता येतं, साहेब. बहिणीला उठवायला जन्म जातो."

परत येताना वडील रिक्षात म्हणाले, "दंड तरी किती आहे नेमका?" मी आकडा सांगितला. "सरी, ठीक आहे," ते म्हणाले.

मुदत संपायच्या आधी त्यांनी पैसे भरून टाकले. आत्या त्याच सकाळी नवी साडी नेसून खाली आली. फाइल हातात होती.

"आज जायचं ना रे?"

"भरले मी. कशाला त्यांच्याशी वाद घालायचा."

"मग मी भाडेकरू झाले?"

"कागदावर हो, अक्का," आई म्हणाली. "कागदाला काय कळतंय?"

आत्या हसली. मग तिने फाइल सोफ्यावर ठेवली आणि किती भरावे लागले ते विचारलं. वडिलांनी सांगितलं.

"माझ्या तोंडामुळे बसला हा भुर्दंड. तू नको सोसू."

वडील नको म्हणाले नाहीत. तिने दुपारी बँकेत जाऊन पूर्ण रक्कम त्यांच्या खात्यात टाकली. पुढे पालिका पुन्हा विचारील म्हणून अकरा महिन्यांचा भाडेकरार करू, असं वडील म्हणाले, तेव्हा तिने तोही वाचून सही केली. मसुद्यात कन्नडच्या दोन चुका होत्या, त्या तिने आधी पेनाने दुरुस्त केल्या. वकील खूश झाला. नोंद होती, करार होता, खात्यावर पैसे आल्याचा पुरावाही होता. आता काही राहिलं नाही, म्हणाला.

करार संपला तेव्हा त्याचं नूतनीकरण झालं नाही. वडिलांनी तिला के. आर. पुरममध्ये एक खोली बघून दिली आणि टेम्पोचे पैसे दिले. निघताना तिने वरच्या मजल्याची किल्ली आईच्या हातात ठेवली.

"मीटर माझ्या नावावर आहे," ती म्हणाली. "तेवढं बदलून घ्या."

त्याची गरज पडली नाही. दिवाळीनंतर घर पाडलं. पुढच्या वर्षीचं विवरण मीच भरलं. वापराच्या रकान्यात 'रिकामी जागा' असा पर्याय असतो. त्याचा दर सगळ्यात कमी आहे.