आमच्या घरातून कृष्ण बाहेर कसा गेला

माझ्या हातून देव घराबाहेर गेला, हो! खोटं नाही सांगत. तुम्ही कॉफी घ्या आधी, आणि हसायचं ते शेवटी हसा.

गोकुळाष्टमीचा दिवस. दुसऱ्या दिवशी कॉलेजात व्हेक्टर कॅल्क्युलसची टेस्ट. आधीच्या टेस्टमध्ये मी अशी आपटले होते की सरांनी बजावलं होतं, "परत नापास झालीस तर अप्पांना घेऊन यायचं." आणि आमच्या अप्पांची समजूत अशी, की मुलगी वर्गात पहिली येते!

डायव्हर्जन्सचं सूत्र मला झोपेतही म्हणता येई. पण ते असतं तरी काय? मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. पडदाभर बाण. एखाद्या जागी आत येतं त्यापेक्षा बाहेर जास्त जात असेल, तर डायव्हर्जन्स अधिक चिन्हाचा. एवढंच? मग पुस्तकात असं का नाही लिहीत?

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई. "मी सीडैच्या गोळ्या तळत्ये गे, तू पावलं काढ!"

आमच्या तंजावुरात अष्टमीला तांदळाच्या पिठाच्या पाण्यात मूठ बुडवून फरशीवर बाळकृष्णाची पावलं उठवतात, वर बोटानं पाच ठिपके. गेटापासून देवापर्यंत.

पहिलंच पाऊल काढलं आणि मी थबकले. अहो, टाच मागे, बोटं पुढे. हा तर बाण!

झालं! देवाचा पाट म्हणजे मूळ बिंदू. तिथून चहूबाजूंना पावलं, सगळी बाहेर. व्हिडिओत लांबचे बाण मोठे होते, म्हणून मीही पावलं मोठी करत गेले. हॉल, पडवी, पायऱ्या... गेटापाशी मूठ पुरेना, तेव्हा चक्क माझाच पाय बुडवला! गणित इतकं गोड लागलं नव्हतं कधी.

आणि गेटात आत्या! ओरत्तनाडूहून बसनं आलेल्या, हातात लोण्याचा डबा.

"अय्यो! हे काय केलीस गे? देव बाहेर निघालाय!" त्या वाकून बघायला लागल्या. "पाटावरून निघाला तेव्हा तान्हा, आणि गेटाशी पोचेपर्यंत मथुरेला जायच्या वयाचा!"

आई झारा घेऊनच धावत आली.

"आत्या, हा डायव्हर्जन्स," मी चाचरत म्हटलं. "बाहेर गेलं की अधिक."

"आणि आत आलं की?"

"उणे."

"कृष्ण घरी येणं उणे? कोण शिकवतो तुज असलं?"

मग सगळं पुसलं. वाळलेलं पीठ नखांनी खरवडलं. संध्याकाळपर्यंत मी उलटी, म्हणजे सुलटी, पावलं काढत होते आणि आत्या पाटाशी बसून प्रत्येक पावलाला म्हणत होत्या, "आत आला, अधिक! आत आला, अधिक!"

टेस्टमध्ये मी नापास.

"आकडे सगळे बरोबर," सर म्हणाले. "पहिल्या तीन उत्तरांची चिन्हं उलटी, शेवटच्या दोनांची बरोबर. असं कसं?"

आता मी, गणित मुख्य विषय घेतलेली मुलगी, भर वर्गात काय म्हणावं?

"सर, आधी आत्या आठवल्या. मग पुस्तक."

सरांनी पेपर मिटून माझ्या हातात दिला.

"अप्पांना राहू दे," म्हणाले. "पुढच्या टेस्टला आत्यांनाच पाठव. त्या निदान एका चिन्हावर ठाम आहेत."