आप्पांच्या ताब्यातला कॅमेरा

माझ्याकडे दोन कॅमेरे, सहा लेन्स आणि तीन ट्रायपॉड आहेत, आणि आमच्या शिरूरच्या घरात भिंतीवर लावलेला एकुलता एक फोटो माझ्या बायकोने मोबाइलवर काढलेला आहे. फोटो चांगला आलाय. त्यात मी लेन्स पुसत बसलोय.

मी सणसवाडीच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या मालात खोट काढायची आणि घरी येऊन स्वतःच्या कॅमेऱ्यात, अशी सवय लागून गेली. पक्षी धूसर आला की वाटायचं लेन्स कमी पडली. मोठी लेन्स आणली की ट्रायपॉड डुगडुगायचा. दणकट ट्रायपॉड आणला की बॅगेत मावायचा नाही. (पक्षी तोवर उडून गेलेला असायचा, पण त्याच्यावाचून खरेदी अडत नव्हती.)

बायको वैशाली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिने बरीच वर्षं सोसलं. गेल्या हिवाळ्यात माझी आत्या मांडवगण फराट्याहून मुक्कामाला आली आणि विषय चव्हाट्यावर आला. थंडी कडाक्याची. आत्याला गोधडी द्यावी म्हणून वैशालीने दिवाण उघडला, तर आत बॅगा, खोकी आणि ट्रायपॉड. गोधड्या मी माळ्यावर टाकल्या होत्या. माळ्यावर चढायला शिडी नव्हती, कारण उंचावरून घरटं टिपायचं म्हणून ती मी मित्राच्या शेतावर नेऊन ठेवली होती. आत्याने अंगाभोवती वैशालीची शाल घेतली, दिवाणात वाकून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "एवढ्या तिवया कशाला रं? मांडव घालायचा हाय का?"

त्यावर वैशालीने दिवाणाचं झाकण अगदी हळू बंद केलं, तेव्हाच मला कळलं की आता काहीतरी होणार.

दुसऱ्या दिवशी तिने निकाल दिला. सगळं सामान दौंडला तिच्या वडिलांकडे ठेवायचं. कॅमेरा हवा असेल तर रविवारी तिथे जाऊन मागायचा, आणि नवीन काही घ्यायचं तर आधी आप्पांची परवानगी. आप्पा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. नोकरी लागली तेव्हा घेतलेलं घड्याळ अजून मनगटावर. छत्रीला ठिगळ लावणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. रखवालदार म्हणून याहून योग्य माणूस सापडणं शक्य नव्हतं.

सामान पोचवून परत निघालो तेव्हा पोराला वसतिगृहात सोडून आल्यासारखं झालं. आप्पांनी प्रत्येक वस्तू कपाटात नीट मांडली आणि किल्ली कनवटीला लावली.

उपाय लागू पडला, हे कबूल करायला हवं. सुरुवातीला फार तगमग झाली. पुढे एकदा धीर करून एका फिल्टरची परवानगी मागितली.

"आधीचा फुटला का?" आप्पांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

या 'मग'वर मी नंतर कंपनीत जेवताना बराच विचार केला, तरी उत्तर सापडलं नाही. हळूहळू मागणंच बंद झालं. रविवारी जायचं, एक कॅमेरा, एक लेन्स घेऊन भीमेच्या काठाला बसायचं. फोटोही जरा बरे यायला लागले. बगळा बगळ्यासारखा दिसू लागला.

मग आप्पांचे फोन सुरू झाले. आधी विचारलं, की कपाटात बंद राहून काचेला बुरशी येते म्हणतात, तर अधूनमधून काढून पुसली तर चालेल का. मी म्हटलं, चालेल. पुढे विचारलं, की लांब नळकांड्यावरचं ते बटण कशाचं. मी अर्धा तास समजावून सांगितलं. इतक्या आवडीने माझं ऐकून घेणारा माणूस मला आयुष्यात भेटला नव्हता. आप्पांच्या गच्चीवरून रेल्वेलाइन दिसते. ते मालगाड्यांचे फोटो काढताहेत, असं सासूबाई बोलता बोलता म्हणाल्या होत्या. मला कौतुकच वाटलं. म्हाताऱ्या माणसाला विरंगुळा!

त्यानंतर आमच्या घरी पार्सल आलं. नाव माझं, पत्ता माझा, पैसे आधीच भरलेले. आत कॅमेऱ्याचा पट्टा. मी मागवला नव्हता. वैशालीला तसं सांगितलं. शाळेत गृहपाठ न करणाऱ्यांकडे ती ज्या नजरेने बघत असेल, त्या नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं. दुसरं पार्सल आलं, त्यात पावसाळी आच्छादन. मी आईची शपथ घेतली. तिसरं पार्सल आलं तेव्हा माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला. झोपेत मागवतोय की काय, म्हणून मी मोबाइल स्वयंपाकघरात ठेवून झोपायला लागलो.

चौथं खोकं वैशालीने फोडलंच नाही. ते पिशवीत घातलं, मला गाडीवर मागे बसवलं आणि थेट दौंड गाठलं.

आप्पा खुर्चीत बसले होते. वैशालीने सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज भरून आला, "आप्पा, वस्तूंचं काही नाही. पण हे माझ्या तोंडावर खोटं बोलतात." आप्पांनी खाली मान घातली, घसा खाकरला आणि म्हणाले, "मिलिंदराव, हे काय बरं न्हाई." पण माझ्याकडे बघितलं नाही.

मग पुरावा तपासायचा म्हणून त्यांनी खोकं जवळ ओढलं. चिकटपट्टी नखाने सर्रकन काढली. आतली बॅग बाहेर काढून चेन दोनदा मागेपुढे केली, कप्पे चाचपले आणि कपाळाला आठ्या घालून स्वतःशीच म्हणाले, "ही राखाडी पाठवली. मी काळी सांगितली हुती."

बाहेरून मालगाडी गेली. आप्पांनी ती मान वळवून पाहिली, हे मात्र मी टिपलं.

सासूबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. "इथं पार्सल आलं तर मी बोलंन, म्हणून तिकडं धाडत हुता व्हय?" त्या म्हणाल्या. "पोरीचा संसार मोडायला निघालं." आप्पांनी गुपचूप किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. वैशाली माझ्याकडे वळली, काहीतरी बोलणार होती, पण तिला हसू फुटलं आणि ते बराच वेळ थांबेना. घरी जाताना तिने गाडी मला चालवायला दिली. आमच्यात माफी अशीच मागतात.

तेव्हापासून कपाट सासूबाईंकडे आहे. मी तर पूर्ण बरा झालोय. वर्षभरात साधं लेन्सचं झाकणसुद्धा घेतलेलं नाही, आणि हे कंपनीत कुणी न विचारता सांगतो. परवा आप्पांचा दबक्या आवाजात फोन आला, की एक लेन्स मनात भरलीय. मी त्यांना मोठ्या माणसासारखं समजावलं. मोह आवरावा, आहे त्यात भागवावं, अजिबात घेऊ नका, असं निक्षून सांगितलं. "आणि तसंही," मी म्हणालो, "दिवाळीला तिचं नवीन मॉडेल येतंय. वजनाला हलकं आहे."

स्वयंपाकघरातून वैशालीचा आवाज आला, "ते तुम्हाला कसं माहीत?"

मी आप्पांना म्हटलं, आवाज कट होतोय. फोन ठेवला आणि पिशवी उचलून दळण आणायला निघालो. दळण सकाळीच आणलेलं होतं.