ठकूने काढलेला माग

ठकू कधी समोर बघून चालली नाही. बारा वर्षांची धनगराची पोर, खांद्यावर काठी आणि नजर सदा मातीत. कुणी हटकलं की म्हणायची, "वर काय बगू? समदं खालीच लिवलेलं हाय." चुकलेली मेंढी कुठल्या बांधावरून गेली, लंगडत गेली की पळत, हे ती पावलांवरून सांगायची. मी तिच्याच वयाचा, शाळेत पहिला नंबर काढणारा. मातीतलं एक अक्षर मला वाचता येत नव्हतं.

त्या साली त्यांची मेंढरं आमच्या शेतात बसली होती. मेंढरं बसली की शेताला लेंडीखत मिळायचं आणि त्यांना धान्य. आखाडा बाळापूरच्या बाजारात तंबूतला सिनेमा आला, तेव्हा वडिलांनी आम्हा दोघांना गाडीतून नेलं. त्यात गिरणी कामगारांची दोन पोरं धान्य दडवणाऱ्या शेठचा छडा लावतात आणि कामगार त्यांना खांद्यावर घेऊन नाचतात. परतताना ठकू सारखी म्हणत होती, "पोरांनी सांगितलं अन् मोठ्या माणसांनी ऐकलं रे!"

महिन्याभरात गावचं पेव रातोरात कुणीतरी फोडून रिकामं केलं. जमिनीतल्या त्या कोठारात सगळ्यांनी मिळून पेरणीची ज्वारी ठेवली होती. पाटलांनी चोरीचा आळ घेऊन राखणदार लखूला चावडीपुढच्या लिंबाला बांधलं. म्हातारा रडून शपथा घेत होता. ठकूने मला ओढत पेवापाशी नेलं.

"ह्ये बग. गाडीची चाकोरी येताना उथळ, जाताना खोल. भरून गेलीय. अन् बैलाचा उजवा मागचा खूर फाकलेला."

माग पाटलांच्या गोठ्यापाशी थांबला. आत तांबडा बैल उभा होता, त्याचा उजवा मागचा खूर फाकलेला. मी घाबरलो. "कुणाला सांगू नको," म्हणालो.

"काहून? त्या पोरांनी सांगितलंच ना?"

आणि ती भर चावडीवर बोलली. "पाटील, लखूमामाला सोडा. ज्वारी तुमच्या गोठ्याकडं गेली. माणूस खोटं बोलंल, खूर न्हाई बोलत. ह्यानंबी बगितलंय, इचारा त्याला."

सगळे माझ्याकडे वळले. आमच्या शेताला पाणी पाटलांच्या विहिरीचं. वडिलांची बोटं माझ्या खांद्यात रुतली.

"म्या काई बगितलं न्हाई," मी म्हणालो.

गोठा चावडीपासून पन्नास पावलांवर होता. एवढ्या मिशावाल्यांपैकी एकानेही तिथवर जायची तसदी घेतली नाही. पाटलांनी मात्र त्याच वाटेवरून गावची सारी गुरं हाकलायला लावली आणि घटकाभरात मातीत काही उरलं नाही. मग ठकूच्या बापाला बोलावून त्याच्याच हातून तिला मारवलं. ती ओरडली नाही. लखूला पोलिसांनी हिंगोलीला नेलं, तो परत आला नाही. त्या चावडीवरच्या एकेकाची मला किळस येते, माझी सगळ्यात जास्त.

दुसऱ्या दिवसापासून त्यांची मेंढरं कुणी शेतात बसू देईना. आम्हीही बसू दिली नाहीत. नरसीच्या वाटेने कळप निघाला, तेव्हा मी बांधावर उभा होतो. ठकू माझ्यापुढे थांबली आणि तिने पहिल्यांदाच मान वर करून सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

"तू बगितलं व्हतंस," एवढंच म्हणाली. ती मला पुन्हा दिसली नाही.

निजामाचं राज्य गेलं त्या वर्षी तोच सिनेमा पुन्हा आला. पाटील पुढच्या खुर्चीवर बसले होते. कामगारांनी पोरांना खांद्यावर घेतलं आणि पाटलांनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. मागून सारं गाव वाजवू लागलं. शेजारी वडिलांनीही हात उचलले. मी ते दोन्ही हात घट्ट धरले.

"बापू," मी म्हणालो, "आपुन न्हाई वाजवायच्या."

त्यांनी हात सोडवून घेतले नाहीत.