गाडीचा नंबर

आमच्या उज्जैनच्या गल्लीत यात्रेकरूंच्या रोज नव्या गाड्या उभ्या असतात. शेजारचे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे काका स्कूटर काढण्याआधी फाटकातूनच एखादीचा नंबर मोठ्यानं वाचायचे आणि ओट्यावर चहा पीत बसलेल्या मला विचारायचे, "सही?" ज्या दिवशी चुकेल त्या दिवसापासून स्कूटर बंद, हा त्यांनीच ठरवलेला नियम.

परवा त्यांनी तीनला आठ वाचलं. मला वाईट वाटलं. म्हटलं, "बरोबर, काका."

ते गाडीपाशी गेले, आकड्यावर बोट फिरवून परत आले.

"तुम्ही माझा लिहाज केलात, भीड राखलीत. समोर कोणी आलं तर स्कूटर करेल का?"

त्यांचं लायसन्स गेल्याच महिन्यात पाच वर्षांसाठी वाढवून मिळालं होतं. त्यांनी स्कूटर आत ढकलली आणि पिशवी घेऊन रामघाटाकडे पायी निघाले. ते वळेपर्यंत मी उभाच होतो. कधी उठलो, कळलंच नाही.