आज पाणी पाचला

स्वस्थ बसणं माझ्या कुंडलीतच नाही, असं आई म्हणते. त्यात नोकरी अशी मिळाली, की दर पंधरा दिवसांनी काहीतरी बनवायचं, लोकांच्या हातात द्यायचं, फसलं की मोडून पुन्हा बनवायचं. याला आमच्यात स्प्रिंट म्हणतात. पैसा परदेशी संस्थेचा. आज पाणी किती वाजता सुटणार, ते सकाळीच मोबाइलवर कळवणारी सेवा आफ्रिकेतल्या गावांसाठी हवी होती, पण चाचणी आधी विरारला, आमच्याच फुलपाड्यात.

मला ती चालायला हवी होती आईसाठी. तिची धाकटी बहीण, माझी मावशी, वसईला अंथरुणाला खिळलेली, दिवसेंदिवस खंगत चाललेली. आणि आई घरात अडकलेली. आमच्या जुन्या बिल्डिंगीत टाकी नाही. नळाला येईल तेव्हा भरायचं, आणि ते अकराला येईल की चारला, देव जाणे. "नळ सोडून कुठे जाऊ गं?" हे ऐकलं की माझं डोकंच फिरायचं.

पहिल्या स्प्रिंटमध्ये पडद्यावर सगळं हिरवंगार. पाणी सोडणारे काका सकाळी वेळ कळवायचे आणि पाणी सोडलं की बटण दाबायचे. वेळ जुळली तर हिरवं, चुकली तर लाल. रोजच्या मीटिंगमध्ये परदेशातले साहेब खूश. आणि घरी नळ कोरडा ठणठणीत! मी तणतणत काकांना गाठलं.

"अहो ताई, लाल झालं की सुपरवायझरचा फोन येतो," ते म्हणाले. "म्हणून बटण वेळेवर दाबतो. पाणी काय, मागून सोडतोच की."

मी कपाळावर हात मारला. मग भांड भांड भांडून तो लाल रंगच काढायला लावला. काका खरं सांगायला लागले, उशीर होणार असेल तर तसंही कळवू लागले. आईने आठवडाभर पारख केली आणि एका शुक्रवारी साडी बदलून वसईला गेली. परतली ती डोळे पुसतच. "ओळखलं गं तिनं मला. हात सोडेना. पुढच्या शुक्रवारी येते म्हटलंय."

त्या शुक्रवारच्या आदल्याच दिवशी साहेबांनी मीटिंगमध्ये सांगितलं, की या प्रयोगातून खूप शिकायला मिळालं, आता दिशा बदलू या, सेवा आजपासून बंद. सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिकलात तुम्ही, पण काकांच्या मेसेजवर घराबाहेर पडलेल्या बायकांचं काय? तसं बोललेही. "चांगला मुद्दा आहे," म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले.

शुक्रवारी मी घरूनच काम करते म्हणून कळवलं. सेवेचा नंबर अजून माझ्याकडेच होता. आई आंघोळीला गेल्यावर त्यावरून फक्त तिच्या मोबाइलवर मेसेज धाडला, 'आज पाणी पाचला.' निव्वळ थाप! मला कुठे ठाऊक कधी येणार ते? आई निर्धास्त निघाली. मी लॅपटॉप ओट्यावर ठेवला आणि नळापाशी येरझाऱ्या घालत राहिले. जरा खुट्ट झालं की नळ उघडून बघायची. पाणी आलं दुपारी दोनला. कानात मीटिंग, हातात बादली, अंगावर निम्मं पाणी, पण पिंप भरलं एकदाचं.

आई साडेचारला धापा टाकत आली. तिने पिंपात डोकावलं, मग माझ्या ओल्या कुर्त्याकडे पाहिलं.

"पाचला येणार होतं ना?"

"आलं जरा लवकर," मी लॅपटॉपमध्ये तोंड घालून म्हटलं.

तिने चहा टाकला. कप माझ्या हातात देताना म्हणाली, "पुढच्या शुक्रवारीही पाचलाच येऊ दे गं."