सरकार पाडायला माणसं हवीत

जनरलनं हात उंचावला आणि हुकूम सोडला, बंगल्याला वेढा घाला. समोर रांगेत उभे असलेले जवान जागचे हलले नाहीत. जनरलनं पुन्हा हुकूम सोडला. जवान सावकाश विश्राममध्ये गेले.

दिग्दर्शक मॅडमनी ‘कट’ म्हटलं आणि माझ्याकडं पाहिलं. अशा वेळी सगळं युनिट माझ्याकडंच पाहतं, कारण माणसं मी आणलेली असतात.

माझा धंदा आधी सांगतो. सिनेमात हिरोच्या मागं जी माणसं चहा पितात, रस्ता ओलांडतात, लग्नात जेवतात, त्यांना ज्युनिअर आर्टिस्ट म्हणतात. ती पुरवणारा तो को-ऑर्डिनेटर. कोल्हापुरात शूटिंग लागलं की फोन मला येतो. वऱ्हाडी, भाजीवाल्या, कोर्टाबाहेरची गर्दी, मयताला आलेले पाहुणे, सगळं मिळतं. नवरा काय करतो हे माहेरी कसं सांगायचं, हा प्रश्न माझ्या बायकोला लग्नापासून आहे.

या वेळचं काम एका वेबसिरीजचं होतं. एक काल्पनिक देश. तिथला सेनापती कट करतो, पंतप्रधानांना अटक करतो आणि सत्ता ताब्यात घेतो. शिरोली एमआयडीसीतली एक फौंड्री झाली लष्कराची छावणी आणि तिच्या ऑफिसची इमारत झाली पंतप्रधानांचा बंगला. फौंड्री आम्हाला तिच्या साप्ताहिक सुट्टीपुरतीच मिळाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी पेटणार, म्हणजे सरकार काय पाडायचं ते त्याच दिवशी.

मॅडमची एकच अट होती. जवान जवानासारखे चालले पाहिजेत. आधीच्या एका सिरीजमध्ये त्यांचे जवान पंगतीतल्या वाढप्यांसारखे चालले होते. मला लगेच माझे सासरे आठवले. ते रिटायर्ड सुभेदार, गारगोटीकडच्या गावात राहतात. त्यांच्या आळीत घरटी एक फौजी. आमच्याकडच्या रीतीप्रमाणं मी त्यांना मामा म्हणतो. ते मला पावणं म्हणतात. लग्नाच्या दिवशी म्हणत होते, आजही तेच. फौजेत बढती असते, जावयाला नसते.

मी मामांना फोनवर सांगितलं, फौजेचं शूटिंग आहे, परेड करायची आहे, आळीतले रिटायर्ड फौजी घेऊन या. मलाही तेवढंच माहीत होतं. को-ऑर्डिनेटरला माणसं किती, कपडे कुठले, यायचं कधी, एवढंच कळवतात. गोष्ट सांगण्याची पद्धत नाही.

सकाळी परेड झाली. काय परेड झाली! मॅडमनी एकेकाच्या चेहऱ्याचे क्लोजअप घेतले. पुढच्या कामालाही तुम्हीच, असं मला म्हणाल्या. मी बायकोला फोन करून ते कळवलंही. मग जेवणं झाली, आणि जेवणानंतर सरकार पाडायचा सीन लागला.

मी धावत मामांपर्यंत गेलो. मामा सरळ समोर बघत म्हणाले, “आमी वेढा घालणार न्हाय.”

मागून मॅडम आल्या. त्या पुण्याच्या, त्यामुळं शांतपणे समजावू लागल्या. “आजोबा, अहो हा देशच काल्पनिक आहे. पंतप्रधान काल्पनिक, झेंडासुद्धा काल्पनिक.”

“देश आसंल की काल्पनिक,” मामा म्हणाले. “थोबाड माझं हाय.”

मग मी माझी बुद्धी चालवली. म्हटलं, “मामा, तुम्ही फौजेतनं रिटायर होऊन किती वर्षं झाली. आता कसली बंधनं?”

मामांनी पहिल्यांदाच मान वळवून माझ्याकडं पाहिलं. “तुमच्या लग्नाला किती वर्सं झाली, पावणं?”

मी आकडा सांगितला.

“मग आता सुटलासा व्हय तुमी?”

मागच्या रांगेतला एक नाईक खोकला. विश्राममध्ये हसता येत नाही, म्हणून असेल.

आता अडचण नीट समजून घ्या. दुसरी माणसं आणून उभी करावीत, तर सकाळी मामांच्या माणसांचे चेहरे कॅमेऱ्यात आले होते. एका सीनमध्ये दिसलेला चेहरा, शर्ट, घड्याळ पुढच्या सीनमध्ये तसंच दिसावं लागतं, याला कंटिन्युइटी म्हणतात. जेवणाआधी एक फौज आणि जेवणानंतर दुसरीच, हे प्रेक्षक चालवून घेत नाहीत. सीन झाला नाही तर सिरीज अडणार. आणि पुढचं काम तर सोडाच, इथून पुढं या लाइनीत मला मयताची माणसंसुद्धा कुणी मागितली नसती.

बायकोला पुन्हा फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बाबा जेवले का?”

मामांचं एक वाक्य मात्र डोक्यात राहिलं होतं. थोबाड माझं. मग थोबाड झाकलं तर? कमांडो झाकतातच की काळ्या फडक्यानं. मॅडमना विचारलं, त्या तयार झाल्या. मोठ्या उत्साहानं मामांकडं परत गेलो.

मामा म्हणाले, “तोंड झाकून करायचं काम आसंल, तर ते करायचंच कशाला?”

एवढं बोलून त्यांनी सगळ्यांना लाइन तोड म्हणून सांगितलं. सगळे शिस्तीत जाऊन कडुलिंबाखाली खुर्च्यांवर बसले.

पण कल्पना वाया गेली नव्हती. तोंडं झाकलेली असली तर माणसं कुठलीही चालणार होती. मी उचगावच्या बंडूला फोन लावला. बंडू माझा वर्गमित्र. तो पक्षाच्या सभांना माणसं नेतो. कुठल्या पक्षाच्या, हे मी विचारत नाही, त्यालाही दर वेळी आठवावं लागतं.

“सरकार पाडायचंय,” मी म्हटलं.

“कुठल्या पार्टीचं?”

“काल्पनिक.”

“मग चालतंय की, भावा. आलोच.”

बंडू टेम्पो भरून माणसं घेऊन आला. येताना त्याला उचगावच्या दुकानातनं काळे स्कार्फ आणायला सांगितले होते, आपल्याकडच्या मुली स्कूटरवर तोंडाला बांधतात ते. काहींना बारीक चमकी होती. कॅमेरामन म्हणाला, लांबून कळणार नाही.

कपडे चढले आणि नवं भांडण लागलं. ही माणसं तोंड झाकायला तयार होईनात. सरकार पाडायला कुणाचीच हरकत नव्हती. पण तोंडच दिसणार नसेल तर गावाला कळणार कसं, हा त्यांचा मुद्दा होता. एका दिवसात एका फौजेला चेहरा दाखवायचा नव्हता आणि दुसरीला झाकायचा नव्हता. शेवटी तडजोड झाली. पॅकअप झाल्यावर प्रत्येकाचा स्कार्फ काढून सेटवरच्या लष्करी जीपवर फोटो काढायचा.

त्यानंतर सरकार पहिल्या टेकला पडलं. बंडूची माणसं अशी आत घुसली की दोन कुंड्या फुटल्या. जनरल बाहेर येताच सवयीनं त्यांच्या नावाचा जयघोषही झाला. तो स्क्रिप्टमध्ये नव्हता. मॅडमना आवडला, त्यांनी ठेवला.

मग पंतप्रधानांना दंडाला धरून बाहेर आणलं. पंतप्रधान म्हणजे आपल्या कोल्हापूरच्याच रंगभूमीवरचे एक वयस्कर नट. ते पायऱ्या उतरले तसे कडुलिंबाखालचे सगळे फौजी खुर्च्यांवरनं उठून उभे राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. शॉट संपला, पंतप्रधान घाम पुसत सावलीला आले. मामांनी आपली खुर्ची त्यांच्याकडं सरकवली आणि चहावाल्याला म्हणाले, “सायबांस्नी पयला दे.”

सिरीज आली. मामांची परेड आख्ख्या गावानं पाहिली, क्लोजअपसकट. कट यशस्वी झाला, कारण दुसरा सीझन काढायचा आहे. स्कार्फची चमकी दिसते, पण ती मलाच. पुढच्या महिन्यात बंडूच्या वाढदिवसाचा डिजिटल बोर्ड उचगावात लागला. त्यावर बंडू जीपवर, लष्करी वेशात, उघड्या तोंडानं. मामा आमच्याकडं येताना तो बघून आले. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “ह्यो कुठल्या बटालियनचा, पावणं?”

दुसऱ्या सीझनचं काम मलाच मिळालं. आता मी आधी गोष्ट विचारून घेतो. आणि माणूस ठरवताना तीन प्रश्न विचारतो. उंची किती, बुटाचं माप काय, आणि सरकार पाडायला काही हरकत आहे का. पहिल्या दोन प्रश्नांना लोक जरा विचार करून उत्तर देतात.